गुलाब कुळातले परागकण दर स्लाइडला वेगळे का दिसतात: समस्या आणि निवारण

एकाच झाडाची, एकाच फांदीवरची फुलं, पण सोमवारी केलेल्या स्लाइडवर परागकण लांबुळके आणि गुरुवारच्या स्लाइडवर जवळजवळ गोल, आणि मागच्या वर्षीची स्लाइड काढून बघावी तर तिच्यात साइजच चार-पाच मायक्रॉननी जास्त. सफरचंद, नासपती, चेरी, गुलाब, रास्पबेरी, हॉथॉर्न, कोटोनिअ‍ॅस्टर, स्पायरिया, म्हणजे रोझेसी कुळातलं कुठलंही झाड किंवा झुडूप घ्या, हा त्रास परत परत होतो. आणि खरा घोळ पुढे होतो, कारण त्या आकड्यांवर विसंबून आपण "ही जात वेगळी, ती वेगळी" असं लिहून टाकतो. माझ्याकडून हे झालंय. कोटोनिअ‍ॅस्टरच्या दोन जाती दोन महिने मोजल्या, फरक अगदी स्वच्छ दिसत होता, आणि नंतर वही चाळताना लक्षात आलं की एका जातीच्या सगळ्या स्लाइड ग्लिसरीन जेलीत होत्या नि दुसरीच्या सिलिकॉन ऑइलमध्ये. मी जाती मोजतच नव्हते, कण ज्यात बुडवून स्लाइडवर ठेवतात ते माध्यम मोजत होते. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, म्हणून जे जे तपासायला शिकले ते इथे सगळं लिहितेय.

आधी नॉर्मल काय ते बघू, नाहीतर बिघाड ओळखणार कशावरून. या कुळातल्या झाडाझुडपांचे परागकण सुटे असतात, चार-चार चिकटलेले नसतात. एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवाकडे जाणाऱ्या तीन खाचा, म्हणजे कॉल्पस, आणि प्रत्येक खाचेच्या मधोमध, बरोबर विषुववृत्तावर, एक छिद्र. याला ट्रायकॉल्पोरेट म्हणतात. साइज साधारण २० ते ४० मायक्रॉनच्या मध्ये, स्पायरिया त्यात लहान, प्रूनसच्या जाती मोठ्या बाजूला. बाहेरच्या कवचावर, म्हणजे एक्झाइनवर, बारीक उंच रेघा असतात, कंगव्याने विंचरल्यासारख्या, कुठे सरळ, कुठे भोवऱ्यासारख्या वळलेल्या, आणि दोन रेघांच्या मधल्या फटीत बऱ्याचदा सुईच्या टोचासारखी भोकं. गुलाब, हॉथॉर्न वगैरेंमध्ये आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे, खाचेच्या दोन्ही कडा विषुववृत्तापाशी एकमेकींकडे येऊन छिद्रावर एक छोटा पूल बांधतात. हा पूल एकदा नीट दिसला की पुढे प्रत्येक स्लाइडवर डोळा आपोआप त्याच्याकडे जातो.

आता मुख्य गुन्हेगार, पाणी. परागकोश फुटतो तेव्हा कण पाणी गमावलेला असतो. कवच कडक, पण खाचांमधला पडदा लवचिक, त्यामुळे पाणी गेलं की तिन्ही खाचा आत मिटतात आणि कण लांबट, गव्हाच्या दाण्यासारखा होतो, दाण्याला चीर एक असते, इथे तीन. पाणी मिळालं की खाचा उघडतात, पडदा बाहेर फुगतो, लांबी कमी होते नि पोट सुटतं. या आखडण्या-फुगण्याला हार्मोमेगॅथी म्हणतात, ही संज्ञा परागकणांचे अभ्यासक रॉजर वोडहाउस यांच्या १९३५ च्या लिखाणातून आली. शब्द लक्षात नाही राहिला तरी चालेल, पण प्रयोग एकदा कराच. फुटलेल्या परागकोशातले कोरडे कण स्लाइडवर झटका, वर कव्हरस्लिप ठेवा, खाली काही द्रव घालू नका, ४० एक्सवर एक चांगला आडवा पडलेला कण फोकसमध्ये धरा आणि मग कव्हरस्लिपच्या कडेला पाण्याचा एक थेंब टेकवा. पाणी आत ओढलं जातं, कणापर्यंत पोचतं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत काही सेकंदांत तो लांबट दाणा गोल होतो, मिटलेल्या रेषा उघडून तीन पट्टे दिसायला लागतात, छिद्राच्या जागी फुगवटे येतात. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तीन-चार वेळा परत परत केलं, कारण आदल्या आठवड्यात ज्या दोन आकारांना मी दोन वेगळे टाइप म्हणून वहीत नोंदवलं होतं ते दोन्ही एकाच कणाने मला अर्ध्या मिनिटात करून दाखवले होते.

मग नाव कसं द्यायचं? परागशास्त्रज्ञ एर्टमनने १९५२ मध्ये ध्रुवीय लांबी भागिले विषुववृत्तीय रुंदी या गुणोत्तरावर आकारांचे जे वर्ग पाडले तेच अजून बहुतेक जण वापरतात. ०.८८ ते १.१४ म्हणजे गोलाच्या जवळ, १.१४ ते १.३३ सबप्रोलेट म्हणजे किंचित लांबट, १.३३ ते २.०० प्रोलेट म्हणजे लांबट. वर्ग चांगले आहेत, पण या कुळातले बरेच कण नेमके १.३३ च्या सीमेवर हिंडतात, म्हणजे थोडं पाणी इकडे तिकडे झालं की १.३० चं १.३६ होतं नि जातीच्या वर्णनातला शब्दच बदलतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की रोझेसीत आकाराचं नाव एकटं कधीच लिहू नये, बरोबर कण कोणत्या अवस्थेत होता ते लिहावं, कोरडा, पाण्यात, अ‍ॅसिटोलिसिस केलेला (म्हणजे अ‍ॅसिडने आतला भाग काढून नुसतं कवच ठेवलेला), आणि माध्यम कोणतं. दोन जातींची तुलना करायची तर दोन्हींची अवस्था एकच हवी, नाहीतर ती तुलना करूच नये.

पहिलं तपासायचं ते माध्यम. ग्लिसरीन जेली सोपी आहे, थंड झाली की बसते, कण हलत नाहीत, म्हणून सगळे तिच्यावरच शिकतात, मीही. पण जेलीत कण हळूहळू फुगत राहतात. आज मोजलेला कण सहा महिन्यांनी मोजला तर मोठा येतो, आणि जेलीचा थर पातळ असेल तर वरून कव्हरस्लिपही दाबते, म्हणजे फुगलेला कण चपटा पण होतो नि रुंदी आणखी वाढते. तुमच्या जुन्या स्लाइडवरची साइज जास्त येत असेल तर निम्म्याहून जास्त वेळा कारण हेच निघतं. उपाय दोन. एक, जेलीच वापरायची असेल तर सगळ्या स्लाइड तयार केल्यापासून ठरावीक दिवसांच्या आत मोजा, जसं की सगळ्या आठव्या दिवशी, आणि कव्हरस्लिपखाली कोपऱ्यांवर मेणाचे किंवा मळलेल्या मातीचे बारीक ठिपके ठेवा म्हणजे दाब येत नाही. दोन, आणि मला हाच पटतो, सिलिकॉन ऑइल. त्यात फुगणं जवळजवळ नाही, तेल घट्टसर पण द्रवच राहतं, त्यामुळे कव्हरस्लिपला सुईच्या टोकाने हलकं ढकललं की कण लोळतो आणि तोच कण आडवा, उभा, तिरपा, सगळ्या बाजूंनी बघता येतो. कटकट एवढीच की पाण्याचा अंश राहिला तर तेल ढगाळ होतं, म्हणून आधी अल्कोहोलने चढत्या क्रमाने पाणी काढा, मग टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल, मग तेल, आणि अल्कोहोल उडून जाण्यासाठी ट्यूब एक रात्र धूळ न बसेल अशी उघडी ठेवा. घाई केली तर दुसऱ्या दिवशी स्लाइडवर बुडबुडेच बुडबुडे.

अ‍ॅसिटोलिसिसमध्ये होणाऱ्या चुका जास्त गंभीर, कारण त्यात जीवाचाही प्रश्न आहे. अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड ९ भाग आणि तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड १ भाग, अ‍ॅसिड थेंब थेंब अ‍ॅनहायड्राइडमध्ये घालायचं, उलटं नाही, फ्यूम हूडखाली, चष्मा-ग्लोव्हज घालून, आणि मिश्रण दर वेळी ताजं. हे मिश्रण पाण्याशी जोरात भडकतं, म्हणून परागकण आधी ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने धुवायचे, ते पाणी ओढून घेतं, मग मिश्रण, आणि झाल्यावर परत ग्लेशियल अ‍ॅसिटिकने धुऊन मगच पाणी. मधली ही एक पायरी "वेळ वाचवायला" गाळलेली मी बघितली आहे, ट्यूब उसळून बाहेर आली होती, सुदैवाने कुणाच्या चेहऱ्यावर आली नाही. गाळू नका, खरंच गाळू नका.

आता त्याचा आकाराशी संबंध. अ‍ॅसिटोलिसिसमध्ये आतला जिवंत भाग आणि इंटाइन, म्हणजे आतलं पातळ कवच, जातात, राहतं फक्त एक्झाइनचं रिकामं टरफल. रोझेसीचं टरफल फार जाड नसतं, त्यामुळे वेळ जास्त झाली की खाचा आ वासल्यासारख्या उघडतात, कडा दुमडतात आणि रंग सोनेरीवरून गडद तपकिरी होतो. पाकळ्या-परागकोशांचा कचरा निघेपर्यंत ठेवू असं म्हणून पंधरा मिनिटं ठेवलं तर मग रेघा पण दिसत नाहीत. मी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ३ ते ५ मिनिटं ठेवते, मधे काचेच्या दांडीवर एक थेंब काढून रंग बघते, फिकट सोनेरी झाला की थांबवते, राहिलेला कचरा बारीक जाळीने गाळून काढते. घड्याळ बघा पण रंग जास्त बघा, कारण गुलाबाचं नि प्रूनसचं टरफल एकाच वेळात एकसारखं तयार होत नाही.

सेंट्रीफ्यूजनंतर वरचं पाणी ओततानाही गडबड होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. लहान, हलके, रिकामे कण खाली नीट बसलेले नसतात, ते पाण्याबरोबर सिंकमध्ये जातात, आणि उरलेल्यांची सरासरी काढली की ती आपोआप मोठी येते. स्पायरियाच्या बाबतीत हे हमखास. थोडा जास्त वेळ फिरवा, पाणी एका झटक्यात न ओतता ड्रॉपरने वरून काढा, आणि एकदा तरी ओतलेलं पाणी स्लाइडवर घेऊन बघा त्यात काय चाललंय ते.

मोजमापाकडे येऊ. "साइज दर वेळी वेगळी" अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर मी आधी कॅलिब्रेशन विचारते. स्टेज मायक्रोमीटर म्हणजे १ मिमीचे १०० भाग, एक भाग १० मायक्रॉन. तो ठेवून आयपीसमधल्या पट्टीचं एक घर म्हणजे किती ते प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं काढावं लागतं, आणि मायक्रोस्कोप बदलला, आयपीस बदलला, कॅमेऱ्याचा अ‍ॅडॅप्टर बदलला तर परत काढावं लागतं. समजा ४० एक्सवर पट्टीची १०० घरं स्टेजच्या २५० मायक्रॉनला जुळली तर एक घर २.५ मायक्रॉन. म्हणजे एका जातीची सरासरी २४ आणि दुसरीची २६ आली तर तो फरक पट्टीच्या एका घराहूनही कमी आहे, डोळ्याने अंदाज लावलेला. ऑइल इमर्शनच्या १०० एक्सवर तेच घर १ मायक्रॉन होतं, मग बोलण्यात जरा तरी अर्थ येतो. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने मोजलं तर आकडा दशांशात दोन स्थळांपर्यंत येतो आणि माणूस भुलतो, पण कडा धूसर असेल तर त्या दशांशाला काही अर्थ नसतो.

आणि कण कसा पडलाय ते बघून मोजा. ध्रुवीय लांबी फक्त बाजूने दिसणाऱ्या कणाचीच मोजता येते, जिथे एक खाच समोर किंवा दोन कडेला सरळ उभ्या दिसतात. वरून, म्हणजे ध्रुवाकडून बघितलं तर तीन खाचांचा गोल किंवा गोलसर त्रिकोण दिसतो, त्यात रुंदी मिळते, लांबी नाही. तिरपा पडलेला कण दोन्ही आकडे खोटे देतो, आणि स्लाइडवर तिरपेच जास्त असतात! लोळवता येत असेल तर लोळवा, नाहीतर सरळ सोडून द्या. ३० पेक्षा कमी चांगले कण मिळाले तर मी सरासरी लिहीत नाही, आणि ते ३० एकाच फुलातले असतील तर त्याला जातीचा आकडा म्हणत नाही, निदान पाच वेगळी झाडं हवीत.

पुढची नेहमीची तक्रार, "रेघा दिसतच नाहीत, कण गुळगुळीत दिसतो." याचं पहिलं उत्तर साधं गणित आहे. मायक्रोस्कोपची दोन जवळच्या गोष्टी वेगळ्या दाखवण्याची मर्यादा ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी भागिले ऑब्जेक्टिव्हचा एनए (न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचा आकडा). हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉन धरा. ४० एक्सचा एनए ०.६५ असेल तर मर्यादा सुमारे ०.५२ मायक्रॉन, १०० एक्स ऑइलचा एनए १.२५ असेल तर सुमारे ०.२७. या कुळात बऱ्याच जातींच्या रेघा अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. म्हणजे ४० एक्सवर त्या दिसणारच नाहीत, कितीही डोळे ताणले, कितीही फोटो मोठा केला तरी. अशा फोटोवरून "पृष्ठभाग गुळगुळीत" असं लिहिलेलं वाचलं की मला खरंच हळहळ वाटते, कारण झाडावर चुकीचा शिक्का बसतो आणि मग पुढचा माणूस तेच उचलतो.

१०० एक्सवरही दिसत नसतील तर पुढे या गोष्टी बघा. कव्हरस्लिप ०.१७ मिमीची आहे का, कारण ऑब्जेक्टिव्ह त्या जाडीसाठी बनवलेलं असतं, नि स्वस्तातल्या पाकिटात जाडी कशीही असते. कंडेन्सरचं आयरिस पूर्ण उघडं ठेवलं तर सगळं पांढरंफटक होतं, पूर्ण मिटलं तर कडांना जाड काळ्या रेषा येतात नि त्यालाच लोक रेघा समजतात, ते पाऊण उघडं ठेवा. हिरवा फिल्टर असेल तर लावा. रंग द्यायचा तर अगदी फिका, सॅफ्रॅनिन किंवा बेसिक फ्युक्सिन जास्त झालं की कण लालभडक गोळा होतो नि वरचं काहीच कळत नाही. आणि ताजे, न धुतलेले कण बघत असाल तर त्यांच्यावर तेलकट चिकट थर असतो, पोलनकिट, हे कुळ मुख्यतः कीटकांवर अवलंबून असल्यामुळे हा थर चांगला भरपूर असतो आणि तो रेघांमधल्या फटी लिंपून टाकतो. अ‍ॅसिटोनने किंवा अल्कोहोलने धुवा, मग बघा, तोच कण वेगळा दिसतो.

रेघा बघायची पद्धत पण शिकावी लागते. फोकसचा बारीक स्क्रू अगदी वर, कणाच्या माथ्याला पहिल्यांदा स्पर्श होईल तिथे आणा. उंच भाग तिथे उजळ दिसतात. मग स्क्रू केसभर खाली न्या, तेच भाग काळे होतात. उजळ मग काळं, एर्टमनने याला एलओ विश्लेषण म्हटलं, लक्स म्हणजे उजेड नि ऑब्स्क्युरिटास म्हणजे अंधार. भोकं किंवा खोल फटी असतील तर उलटं होतं, आधी काळी मग उजळ. सफरचंदाच्या कणावर हे संथपणे केलं की एका क्षणी उजळ रेघा ध्रुवाकडून खाचेला जवळजवळ समांतर धावताना दिसतात, दुसऱ्या क्षणी त्याच जागी काळ्या, आणि त्यांच्या मधे टिंब टिंब उजळतात, ती भोकं. एका फोटोत हे कधीच येत नाही, म्हणून मी प्रत्येक कणाचे निदान तीन फोकसचे तीन फोटो ठेवते.

आता वाकडे, सुरकुतलेले, चुरगळलेले कण. इथे सगळे स्वतःला दोष देतात, "माझी स्लाइड बिघडली", आणि नेमकं इथेच खूपदा दोष स्लाइडचा नसतो. गुलाब कुळात संकर, बहुगुणिता (गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच असणं) आणि फलनाशिवाय बी धरण्याची सवय, म्हणजे अपोमिक्सिस, खूप पसरलेली आहे. रुबसच्या ब्लॅकबेरी, हॉथॉर्न, सॉर्बस, कोटोनिअ‍ॅस्टर, सगळीकडे. कुत्रागुलाब म्हणजे रोझा कॅनिना, त्यात ३५ गुणसूत्रं असतात, पाच संच, पण परागकण तयार होताना फक्त ७ जोड्या जुळतात नि २१ गुणसूत्रं एकटीच राहतात, चांगल्या परागकणात शेवटी ७ च जातात आणि बीजांडाकडून २८ येतात, परत ३५. अशा विभाजनात बरेच कण फुकट गेले तर नवल काय. ब्रॅम्ली किंवा जोनागोल्डसारखी त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, सफरचंदं, त्यांचंही तसंच, रिकामे कण भरपूर, मधेच एखादा राक्षसी मोठा, मधेच तीनऐवजी चार खाचांचा. हा कचरा नाही, ही त्या झाडाची खरी माहिती आहे.

मग आपली चूक आणि झाडाचा स्वभाव वेगळा कसा करायचा? अ‍ॅसिटोलिसिसच्या आधी, ताज्या परागकोशातून एक स्लाइड अलेक्झांडरच्या रंगात करा, १९६९ ची पद्धत आहे, भरलेल्या कणाचा आतला भाग लालसर-जांभळा होतो नि रिकाम्या कणाचं नुसतं कवच हिरवं दिसतं. अलेक्झांडर नसेल तर अ‍ॅसिटोकार्मिन चालतं. या स्लाइडवर नव्वद टक्के कण भरलेले नि गोल, आणि अ‍ॅसिटोलिसिसनंतर निम्मे चुरगळलेले, तर चूक तुमच्या हाताची आहे, वेळ, दाब किंवा पाणी काढण्याची घाई. इथेच निम्मे रिकामे असतील तर झाडच तसं आहे, मग मोजमाप फक्त चांगल्या कणांचं घ्या आणि वाकड्यांची टक्केवारी शेजारी लिहा, लपवू नका. तिसरी शक्यता पण आहे, कळी फारच कोवळी होती. परागकोश हिरवट, घट्ट असताना काढले तर आतल्या कणांचं कवच अजून पूर्ण झालेलं नसतं आणि पहिल्याच अ‍ॅसिडमध्ये ते कोलमडतं. पाकळ्या फुग्यासारख्या फुगल्यात पण उमललेल्या नाहीत अशी कळी घ्यायची, परागकोश पिवळे किंवा त्या जातीच्या पक्क्या रंगाचे, पण अजून न फुटलेले.

कळीच घ्या याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उमललेल्या फुलावर मधमाशी येऊन गेलेली असते. ती शेजारच्या नासपतीवरून सफरचंदावर आली तर तिने आणलेले कण तुमच्या स्लाइडवर येतात, आणि सफरचंद नि नासपतीचे कण साध्या मायक्रोस्कोपखाली इतके सारखे असतात की भेसळ झाली हे कळतच नाही. वेगळ्या कुळाचा कण आला असता तर लगेच डोळ्यात भरला असता, इथे तो गुपचूप सरासरीत बसतो. हर्बेरियम शीटवरून, म्हणजे कागदावर वाळवून ठेवलेल्या झाडाच्या नमुन्यावरून, घेतानाही उमललेलं फूल सोडून न उघडलेली कळी शोधा, शीटवर नसेल तर दुसरी शीट बघा.

सेमचा म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा विषय थोडक्यात. पाण्यात भिजलेले कण हवेत वाळवून स्टबवर (नमुना ठेवायच्या धातूच्या छोट्या बैठकीवर) ठेवले तर ते आत बसतात नि फोटोत खळगे येतात, मग त्यालाच कुणी पृष्ठभागाची नक्षी म्हणतं. एकतर क्रिटिकल पॉइंट ड्राइंग (कण आत न बसता वाळवण्याची पद्धत) करा, नाहीतर सरळ फुटलेल्या परागकोशातले कोरडे कण जसेच्या तसे चिकटपट्टीवर झटकून सोन्याचा थर द्या. दुसऱ्या पद्धतीत सगळे कण मिटलेल्या अवस्थेतच असतात, पण एकसारखे असतात, रेघा छान दिसतात, तुलना करता येते. फक्त खाचेच्या आतलं, तो पूल, छिद्राची कड, हे बघायला उघडलेले कण लागतील, तेव्हा दोन्ही स्टब करा. रेघांची रुंदी मोजताना खाचेजवळची नको, ध्रुवावरची नको, दोन खाचांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावरची घ्या, कारण एकाच कणावर जागेगणिक रेघा बदलतात.

एवढं सगळं नीट केल्यावरही काही वेळा दोन जाती वेगळ्या होत नाहीत आणि ते मान्य करायला हवं. मॅलस (सफरचंद), पायरस (नासपती), सॉर्बस, क्रॅटेगस (हॉथॉर्न) यांचे कण एकमेकांत मिसळतात, म्हणूनच गाळातले जुने परागकण मोजणारे लोक "सॉर्बस टाइप", "प्रूनस टाइप" किंवा नुसतं "रोझेसी" एवढंच लिहितात. अँडीजमधलं पॉलिलेपिस हे झाड, वाऱ्याने पराग उडवणारं, ते आणि त्याच्या नात्यातलं अकेना हे ठेंगणं रोप, यांचे कण वेगळे करता येत नाहीत म्हणून तिथे दोन्ही मिळून एकच टाइप धरतात. झाड नि जमिनीलगतचं रोप, पण कण एकच! अशा ठिकाणी जातीचं नाव ओढूनताणून लावण्यापेक्षा टाइप लिहिलेला कधीही बरा.

माझ्या कोटोनिअ‍ॅस्टरचं शेवटी काय झालं ते सांगते. उरलेल्या कळ्यांमधून दोन्ही जातींच्या स्लाइड एकाच दिवशी, एकाच अ‍ॅसिटोलिसिसमधून, दोन्ही सिलिकॉन ऑइलमध्ये केल्या आणि १०० एक्सवर मोजल्या. सरासरीतला फरक पट्टीच्या एका घराहून कमी आला. पण जुन्या वहीत मी जे "खराब, सोडले" असं लिहून पुढे गेले होते ते वाकडे कण एका जातीत दुसरीपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि ताज्या परागकोशाच्या अलेक्झांडर स्लाइडवरही तसेच आले. आता तेच मोजतेय, प्रत्येक झाडाच्या वेगळ्या ट्यूबमध्ये, लेबलवर कळी काढल्याची तारीख, माध्यम आणि स्लाइड केल्याची तारीख तिन्ही लिहून.